सर्व्हरच्या रूटपदी निवड झाल्याबद्दल

आयटी डिपार्टमेंटमध्ये किस्से साठतात याचं कारण सोपं आहे. आमच्याकडे कुणी सुखात असताना येतच नाही. फाईल उघडत नाही, फाईल सापडत नाही, फाईल कुणीतरी उडवली, असं काही झालं की लोक दारात उभे राहतात. आणि वैतागलेला माणूस जे बोलतो ते विसरता येत नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट बनतात, आणि तिथले सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळते आहे. त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा आहे.

अडचण एकच. यातल्या जवळजवळ प्रत्येक किश्श्यात सागर येळवंडे येतो. मी त्याला मुद्दाम आणत नाही. तो आपण होऊन येतो आणि शेवटचं वाक्य घेऊन जातो.

सागर माझ्याच टीममधला, माझ्याच पदावरचा, माझ्यानंतर लागलेला. राहायला निघोज्यात, म्हणजे कंपनीपासून हाकेच्या अंतरावर. तरी येतो पांढऱ्या मोठ्या गाडीतून. मी दिघीहून स्कूटरवर मोशीची धूळ खात पोचते, हेल्मेट काढते, तोवर हा एसीतून उतरून वॉचमनच्या घरची ख्यालीखुशाली विचारून झालेला असतो. घरची जमीन, गाळे, भाडी, सगळं आहे. नोकरी कशाला करतोस म्हटलं तर म्हणतो, "घरी बसून काय करायचं ताई, करमत न्हाई." मला फ्लॅटचे हप्ते फेडायचेत, याला करमत नाही. आणि आमच्या टीमचे लीड फडके साहेब लवकरच रिटायर होणार होते, तेव्हा त्यांची खुर्ची आम्हा दोघांपैकीच एकाला मिळणार होती.

खुर्चीचं मला काही नाही. त्या खुर्चीबरोबर रूटचा पासवर्ड मिळतो. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. तो काहीही वाचू शकतो, काहीही उडवू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. तो पासवर्ड एकट्या फडके साहेबांकडे होता आणि टाईप करताना ते कीबोर्डवर दुसरा हात आडवा धरायचे. मला तो हवा होता. आता काय लपवायचं, फार हवा होता.

*

एकदा सगळ्या डिपार्टमेंटना फाईलच्या परवानग्यांचं ट्रेनिंग द्यायचं ठरलं. मी रविवार घालवून स्लाइड्स केल्या.

आमच्या सर्व्हरवर लिनक्स आहे, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातलं. युनिक्समध्ये वाचणं, लिहिणं आणि चालवणं अशा तीन परवानग्या असतात. मालकाला वेगळ्या, ग्रुपला वेगळ्या, बाकीच्यांना वेगळ्या. इथपर्यंत सगळे जागे असतात. त्याच्यावर तीन खास बिट, म्हणजे फाईलवर लावायच्या खुणा असतात, सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी. इथे माणसं जांभया द्यायला लागतात.

डिस्पॅचचे सुपरवायझर गायकवाड भाऊ मात्र जागे होते. म्हणाले, "मॅडम, पासवर्डची फाईल रूटची. आमाला तिच्यात लिहायची परवानगी न्हाई. मग मी माझा पासवर्ड बदलतो तवा आत लिहितं कोण?"

इतका चांगला प्रश्न मला वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. मी मनापासून समजावलं. पासवर्ड बदलायच्या कमांडवर सेटयूआयडी बिट असतो, त्यामुळे ती चालवणाऱ्याच्या नावाने न चालता तिच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या नावाने चालते, वगैरे वगैरे. गायकवाड भाऊ "बरं बरं" म्हणाले. एकदाच "बरं" म्हटलं की माणसाला समजलेलं असतं. दोनदा म्हटलं की नाही.

मागच्या रांगेत चहा पीत बसलेला सागर म्हणाला, "भाऊ, प्लँट हेडची गाडी गेटवर आली की वॉचमन काय करतो?"

"सलाम ठोकतो, दांडा वर करतो."

"आत कोण बसलंय ते बघतो?"

"कशाला बघंल?"

"मग झालं तर. आत एकटा डायवर आसला तरी गाडी आत जाती, कारण गाडी साहेबाची हाय. पासवर्डची कमांड म्हणजे ती गाडी. तुमी तिच्यात बसला की तेवढ्यापुरते साहेब. उतरला की परत गायकवाड."

सगळा हॉल हसला. गायकवाड भाऊंनी एकदाच "बरं" म्हटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ह्ये आदी सांगायचं ना."

*

त्याच गायकवाड भाऊंच्या डिस्पॅचला लेबलचा प्रिंटर आहे. त्याची रांग अडकली की ती रूटशिवाय सुटत नसे. मग ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि फडके साहेब कॅंटीनमध्ये की मीटिंगमध्ये ते शोधत आम्ही पळतोय.

मी ठरवलं, यावर आपणच तोडगा काढायचा. रांग मोकळी करणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांडची यादी लिहिली. साहेबांना सांगितलं, "हिच्यावर रूटचा सेटयूआयडी बिट लावून द्या. मग डिस्पॅचचा कुणीही चालवू दे, ती रूट म्हणून चालेल. पासवर्ड द्यायला नको." साहेबांना कल्पना फार आवडली. त्यांनी आडवा हात धरून पासवर्ड टाकला, बिट लावला. मी गायकवाड भाऊंना म्हटलं, चालवा.

चालली नाही. परवानगी नाही म्हणाली. परत चालवली, परत तेच. फाईलच्या यादीत बिट लागल्याचं ते एस अक्षर डौलात दिसत होतं आणि स्क्रिप्ट ढिम्म हलत नव्हती. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

सागर तिथूनच जात होता. तो कायम तिथूनच जात असतो. वाकून स्क्रीन बघितली आणि हळूच, फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, स्क्रिप्टवर न्हाई चालत तो. लिनक्स भीक घालत न्हाई. सी भाषेत लिहून कंपाईल करावा लागतो प्रोग्राम."

मला हे माहीत होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला पूर्ण मार्क पडले होते. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी त्याने तेवढंच एक काम करणारा छोटासा प्रोग्राम लिहून दिला. ट्रक थांबायचे थांबले. आणि तो हळूच बोलला होता ना, त्याचाही मला राग आला. चारचौघांत बोलला असता तर निदान उघड रागवता तरी आलं असतं.

*

स्टिकी बिटच्या वेळी मात्र मैदान माझं होतं.

आमच्याकडे एक कॉमन फोल्डर आहे, तिथे सगळ्यांना लिहायची परवानगी. युनिक्सचा नियम असा की ज्याला फोल्डरमध्ये लिहिता येतं, त्याला तिथली कुणाचीही फाईल उडवता येते, फाईल त्याची नसली तरी. डिझाईनवाले ड्रॉइंग ठेवायचे, क्वालिटीवाल्यांना जागा कमी पडली की ते ड्रॉइंग उडवायचे. मग डिझाईनवाले रिपोर्ट उडवायचे. एकदा तर प्रकरण हाताच्या बाह्या सरसावण्यापर्यंत गेलं.

मी साहेबांकडून त्या फोल्डरवर स्टिकी बिट लावून घेतला. यादीत शेवटी एक टी अक्षर आलं. आता फाईल ठेवा सगळ्यांनी, पण उडवायची ती फक्त आपली आपण. भांडणं त्या दिवसापासून बंद.

महिन्याच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड म्हणाले, "कॉमन फोल्डरचा त्रास संपला म्हणे. सागर, वेल डन." कुणीतरी कॅंटीनमध्ये त्याच्या नावावर खपवलं असणार. मी तोंड उघडणार एवढ्यात सागर उठून उभा राहिला.

"न्हाई साहेब. ते मी न्हाई केलं. मेधाताईंनी केलं. मला तर सुचलंही नसतं."

टाळ्या पडल्या. प्लँट हेड भारावले. म्हणाले, "असा मनाचा मोठेपणा हवा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देणारी माणसं आता राहिली नाहीत." चहाच्या वेळी चार जणांनी येऊन सागरचा हात हातात घेतला. बिट मी लावला, मोठेपणा त्याचा झाला.

*

सेटजीआयडीची गोष्ट थोडी लांबली असती, पण सागरने लांबू दिली नाही.

पहिल्या शिफ्टने बनवलेली फाईल दुसऱ्या शिफ्टला उघडत नव्हती. कारण फाईलवर बनवणाऱ्याचा स्वतःचा ग्रुप लागायचा आणि दुसरे त्या ग्रुपात नसायचे. मी एक स्क्रिप्ट लिहिली. साहेबांनी लावून दिल्यावर ती रूट म्हणून दर थोड्या वेळाने फोल्डरमधून फिरायची आणि प्रत्येक फाईलचा ग्रुप बदलून 'प्रॉडक्शन' हा करायची. किती नीट लिहिली होती म्हणून सांगू. वर माझं नाव, प्रत्येक ओळीला खुलासा, चूक झाली तर मेल. मी ती घरी आमच्या ह्यांनासुद्धा दाखवली होती.

मी आजारी पडून रजेवर गेले. परत आले तर स्क्रिप्ट बंद.

"फोल्डरलाच सेटजीआयडी लावून घेतला साहेबांकडून," सागर म्हणाला. "आता आत जी फाईल बनंल तिला आपसूक फोल्डरचाच ग्रुप लागतो. पळापळ न्हाई."

म्हणजे एक अक्षर. माझ्या एवढ्या मोठ्या स्क्रिप्टचं काम एका अक्षराने केलं होतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो घाईघाईने म्हणाला, "स्क्रिप्ट लय देखणी होती ताई. काढताना जिवावर आलं."

*

फडके साहेब रिटायर झाले. खुर्ची सागरला मिळाली.

हे असं एका ओळीत लिहिते आहे, पण त्या दिवशी मी मोशीच्या सिग्नलला हिरवा लागूनही उभी राहिले होते. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा हलले. मला वाईट वाटलं, राग आला आणि सगळ्यात जास्त हेवा वाटला. त्याला तो पासवर्ड मिळाला याचा, आणि तो मिळाल्यावरही तो नेहमीसारखाच चहा पीत बसला होता याचा.

मला वाईट वाटू नये म्हणून कंपनीने पद दिलं, डेप्युटी लीड. काम तेच, अधिकार तेवढेच, फक्त कार्ड नवीन.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "डेप्युटी लीड म्हणजे नक्की काय?"

मी म्हटलं, "युनिक्समध्ये एखाद्या फाईलवर सेटयूआयडी लावला, पण चालवायची परवानगीच दिली नाही, तर छोट्या एसऐवजी मोठा कॅपिटल एस दिसतो. दिसायला मोठा, पण ती फाईल चालतच नाही. तसं आहे."

यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "म्हणजे आपल्या सोसायटीचा व्हाइस चेअरमन."

यांना युनिक्समधलं काहीच कळत नाही. हे मात्र अचूक कळलं होतं.

*

त्याच आठवड्यात निघोज्याच्या फाट्यावर फ्लेक्स लागला.

आमच्या भागात कुणाची कशावरही निवड झाली की भाऊबंद फ्लेक्स लावतात. तालमीवर, सोसायटीवर, कुठल्याशा आघाडीच्या उपाध्यक्षपदावर. सागरच्या भावकीला एवढंच कळलं होतं की आपल्या सागरला कंपनीत काहीतरी मोठं मिळालं आणि त्याला रूट म्हणतात. तेव्हा फ्लेक्सवर गॉगल घातलेला सागर, मागे कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या सर्व्हरचा फोटो, आणि भल्यामोठ्या अक्षरांत "आपले लाडके सागरशेठ यांची सर्व्हरच्या रूटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन".

रूट कुणाकडे आहे हे गुप्त ठेवायचं असतं. इथे ते चाकणला जाणारा प्रत्येक ट्रक वाचत होता. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी रस्त्याच्या कडेला स्कूटर लावली, फोटो काढला, आणि तिथूनच फडके साहेबांना पाठवला. रिटायर झाले तरी नव्या माणसाबद्दल वर त्यांचा शब्द चालत होता. खाली लिहिलं, "सर, हा सुरक्षेचा गंभीर भंग आहे."

साहेबांचा लगेच फोन आला. "मेधा, खालच्या रांगेत उजवीकडून दुसरा माझा फोटो आहे ना गं? बरा आलाय. कुठून मिळवला असेल यांनी?"

मी मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला. खालच्या रांगेत शुभेच्छुकांचे छोटे छोटे गोल फोटो होते. उजवीकडून दुसरे साहेब. आणि त्यांच्या शेजारी मी, ट्रेनिंगच्या दिवशीच्या साडीत, हसताना.

सागरला जाब विचारला तर तो आधीच कपाळाला हात लावून बसला होता. म्हणाला, "मलाही आज सकाळीच दिसला ताई. काढायला सांगितलंय. पण चुलता म्हणतो, शिडी मांडवाच्या कामात हाय, दोर सोडले की आणतो." फ्लेक्स दिवाळीपर्यंत होता.

*

आता शेवटचा.

बाहेरून ऑडिटर आला होता. त्याची पहिली मागणी ठरलेली असते. सर्व्हरवर सेटयूआयडी लावलेल्या सगळ्या फाईल दाखवा, आणि कोणती कशासाठी आहे ते सांगा. रूटच्या मालकीची अशी अनोळखी फाईल सापडली तर ती चोरवाट समजतात. सागर म्हणाला, "ताई, तुमीच शोधा. तुमची नजर बारीक हाय."

नजर बारीक होतीच. त्याने मागे काहीतरी घाण करून ठेवली असणार आणि आज ती माझ्या हाती लागणार, अशा आशेने मी शोधायला बसले. सर्व्हरवर ज्या असायलाच हव्यात त्या फाईल बाजूला काढल्या. गायकवाड भाऊंच्या प्रिंटरची काढली. एक उरली.

नाव चावी. मालक रूट, त्याच्यावर सेटयूआयडी. चालवायची परवानगी फक्त एका ग्रुपला, ग्रुपचं नाव स्टँडबाय. बाकीच्यांना काहीच नाही. तारीख बघितली. ज्या दिवशी सागरला खुर्ची मिळाली, त्याच दिवसाची.

खुर्चीवर बसल्या दिवशीच याने आपल्या माणसांसाठी मागचं दार करून ठेवलं होतं. मी त्या फाईलला हातसुद्धा लावला नाही, पुरावा बिघडायला नको म्हणून. ग्रुपात कोण आहे तेही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोरच उघडायचं ठरवलं, आणि कुणाला बोलले नाही. रात्रभर फक्त एवढाच विचार करत होते की उद्या हे किती शांतपणे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला प्लँट हेड होते, ऑडिटर होता, सागर होता. मी खरोखरच शांतपणे सांगितलं. "एक अनधिकृत फाईल आहे. रूटच्या ताकदीने चालते. सागरने बनवली आहे. कोणासाठी, ते त्यालाच विचारा."

प्लँट हेडनी सागरकडे पाहिलं. सागर टेबलाकडे बघत होता. "मीच बनवली साहेब," एवढंच म्हणाला.

ऑडिटर तरुण होता, पण पक्का होता. म्हणाला, "मॅडम, ही चालवली तर काय होतं?"

सागरनेच उत्तर दिलं. "तिच्यापुढं जी कमांड द्याल ती रूट म्हणून चालती."

"कोणतीही?"

"कोणतीही."

"म्हणजे पासवर्ड दिल्यासारखंच झालं," ऑडिटर म्हणाला. "या ग्रुपात कोण कोण आहे?"

माझा लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडलेला होता. मी ग्रुप दाखवायची कमांड दिली. मला चार-पाच निघोजेकर अपेक्षित होते.

ग्रुपात एकच नाव होतं. माझं.

प्लँट हेडनी चष्मा काढून पुसला. ऑडिटरने स्क्रीनवरचं नाव वाचलं, माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं, आणि परत स्क्रीन बघितली. मग शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाला, "तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. पण ही ठेवता येणार नाही. आत्ता, माझ्यासमोर काढा."

मी लॅपटॉप सागरकडे सरकवला. फाईल रूटची, फोल्डर रूटचं. माझ्या साध्या अकाउंटने ती उडवताच आली नसती.

त्याने लॅपटॉप परत माझ्याकडे सरकवला.

"तुमीच काढा ताई," तो म्हणाला. "तुमाला येती काढता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी टाईप केलं. आधी चावी. तिच्यापुढे फाईल उडवायची कमांड. आणि तिच्यापुढे परत चावीचंच नाव.

एंटर दाबलं. पहिल्याच फटक्यात चालली.